खेळण्यांचा पसारा, डाव आणि एकुलता एक माळा

आमच्याकडे दोन मुलं, टू बीएचके आणि माळा एकच. मोठी सात वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा म्हणजे दिसेल ते तोंडात घालायच्या वयाचा, त्यात दोन्हीकडचे आजी-आजोबा, आत्या, मावश्या, काका, त्यामुळे घरात खेळणी यायचे रस्ते भरपूर आणि बाहेर जायचा रस्ता जवळजवळ नाहीच. परवा सोसायटीतल्या एकीने विचारलं की तुझ्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा कशी काय असते गं, तर तिला लांबलचक व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा म्हटलं इथेच लिहून टाकावं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. खेळणी जातवारीने लावू नका. म्हणजे गाड्या एका डब्यात, प्राणी दुसऱ्यात, भांडीकुंडी तिसऱ्यात आणि वर सुंदर प्रिंट काढलेली लेबलं, हे जे इन्स्टावर दिसतं ना ते फोटोपुरतं ठीक आहे. पोरं जातवारीने खेळत नाहीत. आमच्या मोठीचा डॉक्टर-डॉक्टरचा डाव बघा, त्याला लागतो स्टेथोस्कोप, पेशंट म्हणून जिराफ (कायम तोच, मान दुखते त्याची), पट्टी बांधायला माझी जुनी ओढणी, औषधं म्हणून भातुकलीतल्या वाट्या, प्रिस्क्रिप्शन लिहायला पाठकोरे कागद आणि फी घ्यायला व्यापारातल्या नोटा. हे सगळं जातवारीने लावलेलं असेल तर एका डावासाठी पाच डबे उपडे होणार, आणि आवरताना परत प्रत्येक वस्तू ज्याच्या त्याच्या डब्यात जायला पाहिजे, जे मोठी माणसंसुद्धा कंटाळून करत नाहीत तर सात वर्षांची पोरगी काय करणार.

म्हणून आमच्याकडे डबे डावाचे आहेत. डॉक्टरचा डबा, दुकानाचा डबा, घर-घरचा डबा, जंगलाचा डबा. जिराफ जंगलात नाही, दवाखान्यात राहतो. दुकानाच्या डब्यात एक खरा जुना कॅल्क्युलेटर, बिलाची रिकामी पुस्तकं, साबणाची, टूथपेस्टची रिकामी खोकी, आणि चिंचोके. एक डबा काढला की डाव सुरू, डाव संपला की सगळं त्याच डब्यात कोंबायचं, आत कसंही असलं तरी चालतं, आत मी बघत नाही. कुठली वस्तू कुठल्या डावाची हे मोठी ठरवते आणि त्यावर भांडण झालंच तर ते एकदाच होतं, रोज नाही. वाघावरून झालं होतं. वाघ शेवटी दुकानात गेला, तो गिऱ्हाईक आहे.

जातवारीने ठेवायचं ते फक्त एकसारखे खूप तुकडे असलेलं. ब्लॉक्स, जिगसॉ, पत्ते, कॅरमच्या सोंगट्या. बास.

दुसरं म्हणजे सगळं बाहेर ठेवायचं नाही. हे आमच्या सासूबाई कायम सांगतात, पण त्यांचं कोणी ऐकत नाही म्हणून आता अमेरिकेतलं सांगते. टोलेडो विद्यापीठातल्या लोकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला होता, दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं, एकदा त्यांच्यासमोर ४ खेळणी ठेवली आणि एकदा १६, तर ४ असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. १६ असली की हे धर ते टाक. आता ३६ मुलं म्हणजे काही फार नाहीत, पण ज्यांच्या घरात दीड वर्षाचं पोर आहे त्यांना हे पटायला अभ्याससुद्धा लागणार नाही. धाकट्याचं आम्ही एका वेळी एका टोपलीत मावेल एवढंच खाली ठेवतो, बाकीचं दिवाणाच्या पोटात. कंटाळला असं वाटलं की अदलाबदल. खालचं वर, वरचं खाली, आणि त्याला दर वेळी नवीन खेळणं मिळाल्याचा आनंद, खर्च शून्य.

मोठीच्या डब्यांचीही तीच गत, तीन-चार खाली आणि बाकी वर. फक्त तिच्या बाबतीत तिला विचारून. एकदा का पोरांना कळलं की आई परस्पर गायब करते की मग ती प्रत्येक मोडक्या चाकाला धरून बसतात.

डबे विकत आणायची अजिबात गरज नाही हे मी पोटतिडकीने सांगते. नवी मुंबईत तुर्भ्याला आयकियाचं ते मोठं स्वीडिश दुकान आल्यापासून पुण्याहूनसुद्धा लोक गाडी काढून खेळण्यांचं कपाट आणायला जातात, ते कपाट चांगलंच असतं, म्हणणं नाही, पण आधी घरात बघा. श्रीखंडाचे डबे प्रत्येक मराठी घरात असतात, ब्लॉक्सचे बारके तुकडे आणि खडू त्यात मस्त राहतात. आइस्क्रीमचे चौकोनी डबे एकावर एक छान बसतात. बिस्किटाचे पत्र्याचे डबे पत्त्यांना आणि सोंगट्यांना. आणि सगळ्यात भारी म्हणजे साडी कव्हर, ते पुढून पारदर्शक आणि चेनवालं असतं ना, त्यात बाहुलीचे कपडे किंवा अख्खा डॉक्टरचा डाव मावतो, बाहेरून दिसतो, आणि कपाटात फाइलसारखा उभा राहतो. भाजीच्या जाळीच्या पिशव्या धुवायच्या खेळण्यांना, धुतलं की तशीच पिशवी गॅलरीत टांगायची.

धाकट्याच्या कुठल्याच डब्याला झाकण नाही. झाकण उघडणं हाच त्याच्यासाठी एक खेळ असतो आणि लावणं हे कोणाच्याच नशिबात नसतं. झाकणाची जड लाकडी पेटी तर लहान मूल असताना नकोच, बोटं चेमटतात. आणि उंच उघडं शेल्फ घेतलंत तर ते भिंतीला एल अँगलने पक्कं करून घ्या, भाड्याचं घर असलं तरी मालकाला विचारून दोन भोकं पाडा. पोरं शेल्फला शिडीच समजतात. जड वस्तू सगळ्यात खालच्या कप्प्यात.

ब्लॉक्ससाठी मात्र जुनी चादर. चादर पसरायची, ब्लॉक्स त्यावर ओतायचे, खेळ चादरीवरच चालायचा, संपला की चार टोकं उचलून गाठोडं आणि गाठोडं बास्केटमध्ये. लेगोचे तुकडे पायाखाली आले की काय होतं ते वेगळं सांगायला नको. तसं ते जपून ठेवण्यासारखं खेळणं आहे, १९५८ साली त्यांनी जी जोडणी ठरवली तीच आजही आहे, तेव्हाचा तुकडा आजच्या तुकड्यात बसतो, त्यामुळे मोठ्या मामेभावाचं लेगो धाकट्यापर्यंत आरामात येतं. धुवायचं तर कोमट पाण्यात, ४० डिग्रीच्या वर नाही, थोडा सौम्य साबण आणि हाताने. उकळतं पाणी ओतलं किंवा कडक उन्हात वाळत टाकलं की आकार बिघडतो आणि मग ते एकमेकांत बसत नाहीत.

आता दोन वयांची मुलं एका घरात असली की खरा घोळ सुरू होतो. मोठीच्या खेळण्यातला प्रत्येक बारका तुकडा हा धाकट्याचा खाऊ. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक मापाची नळी असते, व्यास ३१.७ मिलिमीटर, जो तुकडा तिच्यात पूर्ण आत जातो तो या वयाला चालत नाही. घरात ती नळी नसते, पण दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्याच्यापेक्षा थोडं मोठं डोळ्यासमोर धरा आणि त्यात मावेल ते सगळं वर. बारक्या तुकड्यांचे डावसुद्धा वरच, आणि ते खेळायचे डायनिंग टेबलवर, जमिनीवर नाही. धाकटा झोपला की मोठीचं टेबल उघडतं, असं ठरूनच गेलंय, आणि तिलाही त्यात जरा मोठं झाल्यासारखं वाटतं.

सेलचं तर मी हजारदा सांगते तरी कमीच. गाणी म्हणणारी पुस्तकं, लुकलुकणाऱ्या भिंगऱ्या, म्युझिकल ग्रीटिंग कार्डं, छोटे रिमोट, या सगळ्यात बटण सेल असतात. त्यातला नाण्याएवढा मोठा, २० मिलिमीटरचा ३ व्होल्टचा लिथियमवाला गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजून गंभीर जखम होऊ शकते. सेल संपलेला असला तरी. त्यामुळे गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायची नाही, केळं खायला घालून वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटलमध्ये जाऊन एक्स-रे. ज्या खेळण्याच्या सेलचं झाकण स्क्रूशिवाय नखाने उघडतं ते आमच्या घरात राहत नाही, मग ते कोणीही दिलेलं असो. लोहचुंबकाचे सुटे गोळेसुद्धा नाहीत, दोन गिळले गेले तर ते आतड्यात एकमेकांना ओढून धरतात आणि मधलं आतडं चिमटीत सापडतं. चुंबकाच्या टाइल्स आहेत आमच्याकडे, मोठीला फार आवडतात, पण एखादीला तडा गेला की ती त्याच दिवशी कचऱ्यात, चिकटवून बघत नाही.

पेन्सिल सेल गिळायचे नसतात पण ते गळतात. खेळणं माळ्यावर जाताना त्यातले सेल काढलेच पाहिजेत, नाहीतर पावसाळ्यानंतर उघडलं की आत पांढरी पावडर आणि हिरव्या पडलेल्या स्प्रिंगा. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कली, त्यामुळे हातमोजे घालून, कानाच्या काडीला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून हळूच पुसलं, मग नुसत्या ओल्या काडीने, मग कोरडं केलं की बऱ्याचदा खेळणं परत चालतं. नवराबायको दोघांनी मिळून करायचं काम आहे हे, एकाने स्क्रू सांभाळायचे. आणि जुना एक नवा एक असे सेल घालू नका, गळायला तेच कारण पुरतं.

नवीन खेळणं घेताना आयएसआयचा मार्क बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो बंधनकारक आहे. सिग्नलवर किंवा जत्रेत मिळतं त्यावर अर्थात नसतो, आणि जत्रेतलं एखादं घेणं होतंच, पण ते धाकट्याच्या टोपलीत जात नाही. हस्तकला आयुक्तांकडे नोंदणी असलेले कारागीर या नियमातून वगळलेत, त्यामुळे लाकडी खेळण्यावर मार्क नाही म्हणून ते वाईटच असं समजू नका.

लाकडावरून आठवलं. आमच्याकडे सावंतवाडीची फळं आहेत, चितार आळीतून आणलेली, केळं, सीताफळ, आंबा, आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा एक ओढायचा हत्ती आहे. लाकडी खेळणं भिजवायचं नाही, ओलसर घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचं आणि लगेच कोरडं. आणि सॅनिटायझर तर मुळीच नाही! चन्नपट्टणच्या खेळण्यांवरचा रंग लाखेचा असतो, लेथवर फिरवता फिरवता चढवलेला, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कोविडच्या काळात घरोघरी सगळ्यावर फवारे मारले गेले तेव्हा अशी कितीतरी खेळणी चिकट होऊन चमक गेलेली असणार. सावंतवाडीची फळं तर मी धाकट्याला देतच नाही अजून, त्याला दात येतायत आणि रंगवलेलं लाकूड चावून तो थेट रंगच खाईल. जुनी, आपल्या लहानपणची रंगीत पत्र्याची खेळणी असतील तर तीही शोकेसमध्येच बरी, घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीच्या रंगात काय असेल सांगता येत नाही.

टेडी. टेडीचा मला मनापासून राग आहे. जागा खातो, धूळ खातो, कोणी खेळत नाही आणि टाकवतही नाही. त्यात पुण्यातला पावसाळा म्हणजे चार महिने दमट, आतला कापूस वाळतच नाही, वास येतो. पोराला सर्दी-दम्याचा त्रास असेल तर टेडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एक दिवसभर फ्रीझरमध्ये ठेवायचा, धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे किडे) मरतात, मग धुवायचा म्हणजे मेलेले निघून जातात. सासूबाईंनी पहिल्यांदा मटारच्या पाकिटाशेजारी ससा बघितला तेव्हा त्यांना वाटलं धाकट्याने ठेवला. धुवायचं काम मात्र मे महिन्यातच उरकायचं, उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून तोंड बांधायचं आणि मशीनमध्ये, मग कडकडीत उन्हात. जूनमध्ये धुतलेला टेडी गणपतीपर्यंत ओलाच. ज्याच्याशिवाय मूल झोपत नाही तो एक ठेवा, आमच्याकडे तो एक कळकट हत्ती आहे, बाकीचे हळूहळू मार्गाला लावा.

आंघोळीची रबरी बदकं, दाबली की पाणी उडवणारी, त्यांचं पोट कधी कापून बघा. नको, बघू नका. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली काही संशोधकांनी घरोघरची वापरलेली अशी खेळणी कापून बघितली होती, निम्म्याहून जास्त खेळण्यांत बुरशी आणि जवळपास सगळ्यांत जंतूंचा बुळबुळीत थर. भोक नसलेलं घ्या, नाहीतर आंघोळीला स्टीलची छोटी तपेली आणि गाळणी द्या. आमचा धाकटा गाळणीवर प्रचंड खूश आहे.

डांबरगोळ्या खेळण्यांत टाकायच्या नाहीत, हे माझ्या आईशी कायमचं भांडण. पांढऱ्या गोळ्या, पेपरमिंटसारख्या दिसणाऱ्या, मूल तोंडात घालणारच, आणि त्या विषारी असतात. वेखंडाची कापडी पुरचुंडी ठेवा, तीसुद्धा फक्त माळ्यावरच्या खोक्यात. कॅरमच्या पावडरीचंही तेच. ती बोरिक असते, पोटात जायची वस्तूच नाही, पण घराघरात ती कॅरमच्या कोपऱ्यात उघडी पडलेली असते. आमची औषधांच्या कपाटात आहे. बोर्ड ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवला तर पावसाळ्यात वाकतो आणि मग स्ट्रायकर आपोआप एकाच बाजूला जातो, ज्याची ती बाजू असते त्याला काही तक्रार नसते म्हणा.

जिगसॉचं एक सोपं. खोकं फुटायचंच, ते काही टिकत नाही, म्हणून आल्या आल्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर एक खूण करायची, एका कोड्याला त्रिकोण, एकाला गोल, एकाला फुली. खोक्यावरचं चित्र कापून तुकड्यांबरोबर चेनच्या पिशवीत. मग सोफ्याखाली झाडताना एक तुकडा सापडला की तो कोणाचा हे कामाच्या मावशींनाही कळतं. त्या तो थेट त्या पिशवीत टाकतात. मुळात एक सापडलं-सुटलं असा डबा दाराजवळ ठेवायचा, दिवसभर जे जे सापडेल ते त्यात, बाहुलीचा बूट, लुडोची सोंगटी, कोणाचं तरी चाक. सापडलेली वस्तू लगेच तिच्या जागी न्यायच्या भानगडीत पडायचं नाही. रविवारी मोठी तो उपसते आणि तिला तो खजिना वाटतो.

आणि आता किल्ल्यावरचं सैन्य. दिवाळीत पार्किंगमध्ये किल्ला होतो, मावळे, तोफा, गवळण, विहिरीवरची बाई, सिंहासनावरचे महाराज, दर वर्षी चार-पाच नवीन येतात आणि जुने टाकवत नाहीत. मातीचे आणि प्लास्टरचे. यांच्याएवढं नाजूक काहीच नसतं, भाले आणि तलवारी पहिल्यांदा मोडतात, मग नाकं. किल्ला उतरवला की त्यांच्या पायाला चिकटलेली ओली माती आणि अळिवाची मुळं तशीच ठेवून गुंडाळू नका, दोन दिवस सावलीत वाळू द्या, मग मऊ ब्रशने झटका. पाणी लावायचं नाही, मातीच्या मूर्तीचा रंग सरळ निघून हातात येतो. मग एकेकाला वर्तमानपत्रात आणि अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांत आडवं, उभं नाही. महाराज वेगळ्या डब्यात, हे मोठीने सांगितलंय, त्यावर चर्चा नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात किल्ला असं लिहायचं आणि माळ्यावर सगळ्यात वर, कारण वर्षभर त्याला कोणी हात लावणार नसतं आणि खाली ठेवलं तर वरून चार खोकी येतात.

द्यायचं काय आणि टाकायचं काय यात फार विचार करत नाही मी. सगळे तुकडे असलेलं, चालणारं, धुतलेलं असेल तरच दुसऱ्याला द्यायचं. अंगणवाडीत किंवा ओळखीच्या घरी मोडकी गाडी आणि अर्धी कोडी नेऊन देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात. देताना तुकडे मोजून, चिठ्ठी घालून देते. सोसायटीत आम्ही चौघीजणी डबे फिरवतो, दुकानाचा डबा महिनाभर वरच्या मजल्यावर, त्यांचा ट्रेनचा सेट आमच्याकडे, पोरांना नवीन, आणि परत येतं तेव्हा आपलं जुनंही नवीन. रिटर्न गिफ्टच्या बाबतीत मात्र काहीच उपाय सापडलेला नाही, एका वाढदिवसाला जाऊन आलं की घरात एक चमकणारी, सेलवाली, नखाने झाकण उघडणारी वस्तू येतेच. मी आता स्वतःच्या मुलांच्या वाढदिवसाला गोष्टीचं पुस्तक किंवा रोपटं देते, पोरं तोंडं वाकडी करतात, आया खूश होतात.

राहिली माझ्या आजीची पितळी भातुकली. ती खेळायची आहे, शोकेसची नाही, यावर मी ठाम आहे, पण धाकट्याला तीन वर्षं होईपर्यंत ती स्टीलच्या डब्यात, सुती कापडात. आधी चिंचेने घासते, मग भरपूर पाण्याने धुऊन लगेच पुसते, चिंच राहिली तर डाग पडतात. सगळं आहे त्यात, घागर, कळशी, पळीवाढी, झारा, एवढासा बंब. बंबाचा नळ तेवढा निखळलाय. तांबट आळीत कोणी एवढ्याशा वस्तूला डाग देऊन (म्हणजे झाळून) देईल का, ते या शनिवारी जाऊन विचारणार आहे, कोणाला माहीत असेल तर आधीच सांगा म्हणजे पार्किंगचे हाल वाचतील.